कॅनडाच्या बाजूने

कस्तुरा ओव्हाळच्या चिठ्ठीत ‘अनुकूल’ निघालं आणि वाचनालयात हशा पिकला. १९७४चा डिसेंबर. पिंपरीच्या कामगार कल्याण केंद्रात वादविवाद स्पर्धा व्हायची होती, तिच्या बाजू चिठ्ठ्यांवर ठरत होत्या. विषय होता, ‘कॅनडासारखा सर्वांना आवडणारा मध्यम देश महासत्ता होऊ शकेल.’ प्रतिकूल बाजू ज्योतीराम काळभोरकडे गेली. हा आकुर्डीचा फिटर, युनियनच्या सभा गाजवणारा.

“वहिनी, चिठ्ठी बदलून घ्या,” तो म्हणाला. “तुमी साऱ्यांच्या लाडक्या. भांडण तुमच्यानं व्हायचं न्हाई.”

ते खोटंही नव्हतं. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला असलेल्या कस्तुराचं कधी कुणाशी वाजलं नव्हतं. कुणाचं सुपरवायझरशी बिनसलं की समजूत घालायला तीच. पण त्या दिवशी ते बोलणं तिला लागलं.

“राहू द्या, भाऊ. हीच बाजू मांडीन.”

शिफ्ट सुटली की ती केंद्राचं वाचनालय गाठायची. केंद्र चालवणाऱ्या इंदुताई जुनी वर्तमानपत्रं काढून द्यायच्या. घरी नवरा, भिवा, तिच्या प्रत्येक मुद्द्यात खोड काढायचा आणि ती चिडून पुन्हा वाचायला बसायची.

स्पर्धेच्या दिवशी तिने जमीन, पाणी, गहू, खनिजं सगळं नीट मांडलं. मग ज्योतीराम उठला.

“सव्वादोन कोटी माणसं, मूठभर सैन्य आन् शेजारी अमेरिका! सगळ्यांना आवडतो, कारण त्यानं कुणाचं काय अडवलंच न्हाई. ज्याला कुणी भीत न्हाई, त्याचं ऐकतं कोण?”

टाळ्या थांबेनात. कस्तुरा उठली. पाठ केलेलं उत्तर तिने सोडून दिलं.

“अडवलं की, भाऊ. आपल्यालाच अडवलं. मे महिन्यात पोखरणला स्फोट झाला आणि कॅनडाने अणुभट्ट्यांची मदत थांबवली. राग आला आपल्याला. मलाही आला. दटावणाऱ्याने नाही म्हटलं तर आपण खांदे उडवतो, पण आपल्या माणसाने नाही म्हटलं की झोंबतं. आवडणं हीपण ताकद आहे. फक्त ती वापरली की चार माणसं तुटतात. ते सोसायची तयारी असेल, तर होईल कॅनडा महासत्ता. नसेल तर नुसताच चांगला राहील.”

बक्षीस ज्योतीरामला मिळालं. “सैन्याचं काय, याचं उत्तर आलं नाही,” परीक्षक म्हणाले.

सोमवारी सुपरवायझरने तिला बोलावलं. बायका पाळणाघर मागत होत्या. “तुमचं सगळ्या ऐकतात. दोन वर्षं दम धरा म्हणावं.”

आजवर अशी कामं तिने हसत केली होती.

“नाही सांगणार, साहेब,” ती म्हणाली. आवाज कापला, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, “नाही सांगणार. उद्या बायकांसोबत मॅनेजरसाहेबांकडे मीच जाते.”

आणि ती गेली. मॅनेजर ‘बघू’ म्हणाले, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. सुपरवायझर तिच्याकडे बघेनासा झाला. शेजारी बसणारी केसरबाई ओव्हरटाइम बंद होईल या धास्तीने डबा घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. ते मात्र कस्तुराला फार लागलं. घरी तिचे डोळे भरून आले.

“सोडून दे मग,” भिवा म्हणाला.

“रडू येतंय म्हणून सोडू?” ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसून भाकऱ्या थापायला बसली.

होळीच्या सुमारास स्टोअरमागच्या खोलीला चुना लागला, चार पाळणे टांगले गेले. पहिल्या दिवशी बायका पोरांना घेऊन हसत आत शिरल्या. केसरबाई तिकडे फिरकली नाही, अजून बोलतही नव्हती. कस्तुराने खोली नजरेखालून घातली. पोरं सांभाळायला एकच बाई होती आणि प्यायच्या पाण्याचा पत्ता नव्हता.

“चला गं दोघीतिघी,” ती म्हणाली आणि मॅनेजरच्या केबिनकडे निघाली.