धाकट्या मशीनचं मौन

शेवटी धाकटी मोर्णा नदीत गेली. ताशे लावून, गुलाल उधळून, रीतसर. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. धाकटी अजून अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या दुकानात, लाल शालीखाली ठणठणीत बसलेली आहे असं धरून चला.

धाकटी म्हणजे आमचं दुसरं अँप्लिफायर. माझा मोठा भाऊ चिंतामण लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा. मी धंद्यात भागीदार होतो, म्हणजे बॅटऱ्या मी उचलायचो. पहिल्या मशीनला आम्ही थोरली म्हणायचो. लग्न, सभा, कीर्तन, सगळं तीच ओढायची. ऐन कार्यक्रमात ती बसली तर पंचाईत नको, म्हणून दादानं धाकटी आणली. इथवर त्याचं डोकं जागेवर होतं.

पण आमचे वडील, अप्पा, भिक्षुक. त्यांनी दसऱ्याला धाकटीची यथासांग पूजा केली. हळद, कुंकू, लाल दोरा, अक्षता. मशीनला हवा लागावी म्हणून वर जाळी असते, तिच्यातून निम्म्या अक्षता आत गेल्या. जाळीवर गूळखोबरं ठेवलं. दर दसऱ्याला हेच. बाकी वर्षभर तिला कोणी हात लावायचा नाही.

"दादा, एकदा चालवून तर पाहू."

"चालवली की झिजते."

"मग थोरलीवर निदान ब्रश फिरवू. जत्राबाजारात हिंडून आत इतका कापूस साठलाय की एक गादी भरून होईल."

"दसऱ्याला पुसतो ना आपण?"

"दसरा वर्षातून एकदा येतो."

"मग तुला काय दर महिन्याला आणायचाय?"

आणे जाऊन नवे पैसे आले त्या हिवाळ्यात तेल्हाऱ्याकडच्या एका जत्रेचं काम मिळालं. मैदानात वीज नव्हती, सगळं मोटारीच्या बॅटरीवर. बाभळीला कर्णे बांधले आणि सकाळपासून रेकॉर्डी लावल्या. शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी त्याचा कान धरावा लागत होता.

ऊन उतरल्यावर एक धिप्पाड शेतकरी धावत आला. पागोटं हातात होतं.

"मी पुंजाराम. भाऊ, माही नात सापडून नाही राहिली. शकुन नाव हाये. चार सालाची. हिरवा परकर हाये अंगात."

"कुठे होती?"

"बांगड्या पाहून राहिली होती. मी तंबाखू घ्याले वळलो, न् पोरगी गायब. तिच्या मायले काय सांगू मी?"

बोलताना तो सारखा मैदानाच्या उताराकडे बघत होता. तिकडे एक जुनी विहीर होती. तिला कठडा नव्हता. विहिरीचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही.

दादानं गाणं थांबवून माइक घेतला. "चार वर्षांची शकुन, हिरवा पर—"

थोरली खरखरली, फुसफुसली आणि गप्प झाली. जाळीतून धूर निघाला.

"काय झालं?" दादा ओरडला.

"गादी पेटली."

"धाकटी काढ!"

राखीव म्हणून सोबत आणलेली धाकटी बैलगाडीत होती, आम्ही तिकडे पळालो. लाल शाल दूर केली. दादानं सवयीनं हात जोडले.

"पाया काय पडता, बटन दाबा!" पुंजाराम म्हणाला.

बटन दाबलं. तारा काढल्या, पुन्हा जोडल्या, पुन्हा दाबलं. दिवासुद्धा लागेना. मी घाईघाईत झाकणाचे स्क्रू काढले. आत पूजेचा लाल दोरा, अक्षतांचा भुगा आणि कुरतडलेल्या तारांचं मऊ घरटं होतं. त्यात एक उंदरीण बाळंतीण झाली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं. तिची सगळी पिल्लं जागेवर होती.

"काहून बोलून नाही राहिलं हे?"

दादा पुन्हा बटनच दाबत बसला. मीच म्हणालो, "तारा खाल्ल्या."

"तुमी दोन दोन मशिनी आणल्या, न् एकीलेही आवाज नाही?"

एवढं म्हणून तो विहिरीकडे पळाला. मी त्याच्या मागे. दादानं बाभळीवरचा एक कर्णा ओढून काढला आणि त्याला तोंड लावून शकुनच्या नावानं ओरडत सुटला. ते चार दुकानांपलीकडे जात नव्हतं.

विहिरीत अंधार होता. पाण्यावर काहीतरी हिरवं तरंगत होतं. पुंजाराम विहिरीकडे पाठ करून बसला. त्याला खाली बघवेना. मी एक ढेकूळ उचललं, पण हातून सुटेना. मग टाकलं. ते हिरवं उलटं झालं. केळीचं पान होतं.

आम्ही दोघंही काही बोललो नाही. तेव्हा लक्षात आलं की जत्राही बोलत नव्हती. दिवसभर भोंग्यावर आवाज चढवणारी माणसं भोंगा बंद पडल्यावर आपोआप हळू झाली होती. बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. आणि त्या घुंगरांतून एक बारीक रडणं.

पुंजाराम उठला तो थेट आमच्या बाभळीखाली. सगळ्यात मोठ्या कर्ण्याच्या खाली मैनाबाईचं बांगड्यांचं दुकान होतं. तिच्या मागच्या पेट्या आणि गोणपाटाच्या सांदीत हिरवा परकर अडकला होता. आत शकुन होती.

"अवो बाप्पा, माह्या पाठीमांगं!" मैनाबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "मघापासून रडून राहिली असन. तुमच्या भोंग्यापायी मले माहाच आवाज येत नव्हता!"

पुंजारामनं नातीला उचललं. ती हुंदके देत म्हणाली, "आबा, तू कुठी गेला होता?"

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पुंजाराम नारळ घेऊन परत आला आणि त्यानं तो धाकटीपुढे फोडला.

"हे बोलली असती तं पोरगी आयकू आली नसती. देवी हाये हे."

"अहो, ती बिघडली होती," मी म्हणालो.

"मौन होतं ते."

अप्पांनी याला दुजोरा दिला. मग गावोगावचे लोक धाकटीच्या दर्शनाला दुकानात येऊ लागले. दुरुस्तीचं नाव काढलं की अप्पा विचारत, "देवीला स्क्रू ड्रायव्हर लावणार?" नैवेद्यावर उंदरीण गुटगुटीत झाली. दुकानात गिऱ्हाईक शिरायला जागा उरेना, तेव्हा जे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही ते घडलं.

आता दादानं पुन्हा एक दुसरं मशीन आणलंय. अप्पा हळदकुंकू घेऊन बसलेत, मी ब्रश घेऊन बसलोय. दादा म्हणतो, दसरा येऊ दे.

सबब, सर्व माननीय पंचांगकर्त्यांस सविनय विनंती करण्यात येते की, मशीन पुसण्यास लोकांना अन्य मुहूर्त चालत नसल्याने, विजयादशमी यापुढे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी टाकण्यात यावी. राखीव मशीन एक पूर्ण गाणे होईपर्यंत चालवून पाहणे हा त्या पूजेचाच विधी समजण्यात यावा. आणि अक्षता जाळीपासून हातभर दूर टाकण्याबाबत संबंधितांस समज देण्यात यावी.