न वाचलेल्या पंचनाम्याची शाई

मी एक जुना स्टॅम्पपॅड आहे. पत्र्याची डबी आणि आत जांभळ्या शाईत भिजलेलं कापड, एवढाच माझा देह. कल्याणच्या बाजारालगत एका पोलीस चौकीत माझं आयुष्य गेलं. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे मी कागदावर उमटवले. नवा होतो तेव्हा सगळे म्हणायचे, "ठसा कसा स्वच्छ येतो बघा!" मला त्याचा अभिमान होता. आज त्याच ठशाची लाज वाटते.

मित्रांनो, चोरीचा माल सापडला की पोलीस दोन पंचांना जागेवर नेतात. पंच म्हणजे डोळ्यांनी पाहणारी तिऱ्हाईत माणसं. त्यांच्यासमोर जे सापडलं ते लिहायचं, त्यांना वाचून दाखवायचं, मग सही घ्यायची. हा पंचनामा. आमच्या चौकीत मात्र कायम घाई. कागद आधीच लिहून तयार, आणि दोघांपैकी एक पंच म्हणून नेहमी दाराबाहेरची भाजीवाली गंगुबाई.

एका दुपारी टेबलावर तांब्याच्या तारेचं भेंडोळं आणि एक कापडी पिशवी होती. संदेश हवालदाराने हाक मारली, "या मावशी, दोन मिनिटांचं काम."

"अरे, गिऱ्हाईक उभं आहे रे! लिहिलंय तरी काय?"

"नेहमीचंच. तुम्हाला वाचता कुठे येतं?"

ती ओशाळून हसली आणि तिने अंगठा माझ्यावर दाबला. मीही भरपूर शाई दिली.

कागदावर लिहिलं होतं, की ही तार बाजारातल्या दगडू हमालाच्या पिशवीतून गंगुबाईसमोर निघाली. तिने तर काहीच पाहिलं नव्हतं. दगडू सांगत राहिला, "पिशवी माझी आहे साहेब, तार माझी नाही." तो फक्त आरोपी होता. गुन्हा शाबीत होईपर्यंत कुणी गुन्हेगार ठरत नाही. पण त्याला जामीन राहायला कुणी आलं नाही आणि तो चौदा महिने तुरुंगात राहिला. कायदा कृत्यामागचा हेतूही पाहतो. माझा हेतू वाईट नव्हता, असं मी मनाला पुष्कळदा सांगितलं. मन ऐकेना.

त्याच काळात गंगुबाई आपल्या नातीकडून, प्राचीकडून, अक्षरं शिकत होती. दगडूचा खटला उभा राहिला, तेव्हा न्यायालयात साक्ष देऊन ती थेट चौकीत आली.

"मावशी, ऐन वेळी फितूर झालात!" संदेश चिडला.

"फितूर अंगठा दिला तेव्हा झाले होते रे. आज जजसाहेबांसमोर बोट ठेवून सगळा पंचनामा वाचला. म्हटलं, अंगठा माझा आहे, पण यातलं मी काहीही पाहिलेलं नाही."

पुढे संशयाचा फायदा मिळून दगडू निर्दोष सुटला. चौदा महिने मात्र त्याला कुणी परत दिले नाहीत.

न्यायालयाच्या हुकमाने तो पिशवी न्यायला आला. पावतीवर अंगठा हवा होता. संदेशने मला पुढे सरकवलं. मला पाहताच दगडूने हात मागे घेतला. वाटलं, माझं झाकण कायमचं मिटावं.

"थांब रे दगडू," म्हणत गंगुबाई आत आली. अडखळत, अक्षराला अक्षर जोडत तिने पावती वाचली. संदेश मान खाली घालून उभा होता.

"एक कापडी पिशवी. आणखी काही नाही. आता दे अंगठा."

मग त्याने अंगठा टेकवला.

मित्रांनो, माझी शाई आता सुकत आली आहे. तुम्हाला वाचता येतं. शेजारी कुणाला येत नसेल, तर आधी त्याचा कागद त्याला वाचून दाखवा, आणि मगच माझं झाकण उघडा.