डेल्बर्टची खरी घळ

आमच्या पूर्व ओरेगॉनात सरकारी माळ इतका मोठा आहे, की तो ओलांडताना कावळासुद्धा डबा बांधून घेतो. तिथले दगड घरापुरते कोणीही उचलावेत. मात्र कुठून उचलले ते खरं सांगायचं नाही, ही आम्हा दगडवेड्यांची रीत. मी एकदा एवढा अकीक, म्हणजे आमची ती रंगीत गारगोटी, उपटला, की त्या खड्ड्यात आता बदकं उतरतात. कुठे, ते विचारू नका.

या रितीत डेल्बर्ट आम्हा सगळ्यांचा गुरू. त्याला लाल पिसाऱ्याचे अकीक सापडायचे. दगड चाटून ओला केला, की आत कोंबडा पंख झाडतोय असं वाटायचं. जागा विचारली की तो प्रत्येकाला वेगळी घळ सांगायचा, वळणांसकट, आणि लोक तिथे कंबर मोडून परत यायचे.

आता त्याची स्मरणशक्ती विरत चालली होती. सांगितलेल्या घळी तोंडपाठ, पण त्यांतली खरी कुठली, की त्यांत नाहीच, हे त्यालाही कळेना. उन्हाळ्यात त्याची मुलगी त्या दोघा नवराबायकोला बॉइसी शहरात आपल्याकडे कायमचं राहायला नेणार होती. त्याआधी एकदा त्या खऱ्या घळीत जायचं, असा त्याने हट्टच धरला. म्हणून त्याची बायको नेवा हिने मला आणि पंप दुरुस्त करणाऱ्या क्लाइडला स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर नकाशा पसरला. क्लाइडने पाण्याचे कॅन, पहारी आणि जादा टायर यांची जुळवाजुळव सांगितली. जायचं कुठे, एवढंच राहिलं होतं.

थापाड्याचं मन मला कळतं. तो खऱ्या जागेच्या आसपासची थाप कधीच मारत नाही. मी म्हटलं, त्याने ज्याला जी घळ सांगितली, तिथे एकेक राजम्याचा दाणा ठेवा. क्लाइडने आम्हा दगडवेड्यांच्या क्लबातल्या सगळ्यांना फोन लावले. नकाशाभर दाणे पसरले आणि मधोमध तळहाताएवढी जागा कोरी राहिली. डेल्बर्ट शेजारी बसून एक दाणा चाटून बघत होता.

नेवाच्या मुठीतही एक दाणा होता. तो काही ती ठेवेना.

"तुलाही सांगितली होती ना?" मी विचारलं.

"लग्न झालं त्या वर्षी. मी कधी गेले नाही बघायला."

"मग ठेव की."

"आणि तुमच्या दाण्यांत पडला तर?" ती हळूच म्हणाली. "जन्मभर मी पण क्लबातलीच एक होते, हे आता कळून मी काय करू? तो तर सांगायलाही उरलेला नाही."

क्लाइड उगाच कॉफी ढवळत बसला. मी तोंड उघडलं की थाप निघते, म्हणून बरणीतले दाणे मोजू लागलो.

शेवटी तिने डोळे मिटले नाहीत की काही नाही, दाणा सरळ नकाशावर ठेवला. कोऱ्या जागेच्या बरोब्बर मध्ये.

डेल्बर्टने चाटलेला दाणा खाली टाकला. तो नकाशावर वाकला. मग माझी बाही ओढून कानाशी आला, पण त्याची कुजबुज आता गुरं हाकल्यासारखी असते.

"या बाईला ती घळ कुणी सांगितली रे? मी फक्त नेवाला सांगितली होती."

मी नेवाकडे पाहिलं. तिचा हात दाण्यावरच होता.

"नेवानेच सांगितली," ती म्हणाली. "कुणाला बोलणार नाही, असं वचन घेऊन."

डेल्बर्टने विचार केला. "मग ठीक आहे. तिची माणसं भरवशाची असतात." त्याने टोपी डोक्यावर चढवली. "पण नेवा येणार असेल तरच मी गाडीत बसेन."

"येईल ती," नेवा म्हणाली, आणि बाकीचे दाणे एकेक करून बरणीत टाकू लागली.