विक्कीच्या गाडीचा बोर्ड

विक्कीची रिमोटची गाडी तळहातावर मावायची, पण तिचे जेवढे लाड झाले तेवढे त्या घरात माणसांचे झाले नसतील. टायर नागपूरहून, मोटर मुंबईहून, आणि बिघडली की डॉक्टर घरचीच. डॉक्टर म्हणजे त्याची मोठी बहीण दीपा. वणीच्या बसस्टँडसमोर तिचं मोबाइल दुरुस्तीचं काउंटर होतं. समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे, काचेवर काळी धूळ बसायची, आणि त्या काचेमागं दीपा डोळ्याला भिंग लावून वाकलेली असायची. तोंडाची मोठी तिखट. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, जरा लवकर," की ही म्हणायची, "एवढी घाई होती त पाण्यात कायले पाडला?" पण हात असा की हिनं दुरुस्त केलेला मोबाइल त्याच दुखण्यासाठी पुन्हा परत यायचा नाही. त्यामुळं लोक तिचं ऐकून घेत.

फुटक्या काचा बदलून बदलून ती मात्र विटली होती. आणि त्या उन्हाळ्यात तिला एक वाट दिसली होती, ती विठ्ठलरावांमुळं. विठ्ठलराव रिटायर झालेले, पांढऱ्या मिशांचे, आणि या चिमुकल्या गाड्यांचं पोट्ट्यांपेक्षा जास्त वेड असलेले गृहस्थ. कापसाचा सीझन संपला की ओळखीच्या जिनिंगचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, मोठा शेड ते मागून घेत. तिथल्या गुळगुळीत सिमेंटवर पट्ट्या आखून रेस लावत. चंद्रपूर, यवतमाळ, पार नागपूरहून पोट्टे यायचे. विठ्ठलराव तिला म्हणाले होते, "दीपा, यंदाच्या रेसले दुरुस्तीच्या टेबलावर तू बस. नीट पार पडलं न, त वर्षभर जिथं जिथं रेस, तिथं तिथं टेबल तुह्यं. इदर्भात दुसऱ्या कोनाले बोलावत नाही मी."

तिनं वरवर "पाहू काका" म्हटलं. घरी येऊन मात्र पलंगाखालची जुनी पेटी काढली, पुसली, आणि तिच्यात अवजारं लावून पाहिली. एवढी खूश ती कित्येक दिवसांत झाली नव्हती. आई प्रभावतीबाई म्हणालीसुद्धा, "काय व, एकटीच हसून राह्यली?"

रेसच्या आधी एका दुपारी विक्की काउंटरवर आला. चोवीस वर्षांचा घोडा, पण ताईकडं काही मागायचं असलं की आवाज दहा वर्षांच्या पोरासारखा गोड व्हायचा त्याचा.

"ताई, नव्या मोटरले करंट पुरत नाही. बोर्ड दमते. त्याच्यावर आनखी एफईटी चढवून दे न."

एफईटी म्हणजे गाडीच्या सर्किट बोर्डावरचा, मोटरला वीज सोडणारा-तोडणारा आठ पायांचा काळा तुकडा, मसुराच्या दाण्याएवढा. जुन्याच्या डोक्यावर तसाच नवा ठेवायचा, पायावर पाय जुळवायचा आणि प्रत्येक पायाला सोल्डर मारायचं. मग वीज दोघांत वाटली जाते, मोटर पिसाळल्यासारखी पळते आणि बोर्डही जळत नाही. सांगायला सोपं. करायला बसलं की भल्याभल्यांच्या हाताला कापरं सुटतं.

दीपानं आधी विचारलं, "रेसमधे चालते का हे?"

"ओपनमधे टाकून राह्यलो न मी गाडी. ओपनमधे सारं चालते."

ते खरंच होतं. रेसचे दोन गट होते. स्टॉकमध्ये टायर-मोटर बदललेली चाले, पण बोर्ड डब्यातून निघाला तसाच हवा, त्याला हात लावायचा नाही. ओपनमध्ये काय वाट्टेल ते करा. दीपाला यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. आपल्या भावाच्या बोलण्याची कोण पावती मागतं?

तिनं गिऱ्हाईकं थांबवली. बोर्ड आगपेटीएवढा. पाय ब्रशनं घासून घेतले, सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स लावला, सोल्डरिंग आयर्नला सगळ्यात बारीक टोक चढवलं. दोन पायांच्या मध्ये सोल्डरचा थेंब अडकला की सगळंच मातीत, म्हणून ती श्वास रोखून एकेक पाय धरत गेली. समोर एक बाई ओरडत होती, "व दीपा, माह्या मोबाइलचं काय झालं?" हिनं मानसुद्धा वर केली नाही. झाल्यावर स्पिरिटनं सगळं पुसलं आणि भिंगातून पाहिलं. एकावर एक ठेवलेल्या भाकरींसारखे एफईटी नीट बसले होते. "घे, आता नागपूरवाल्याईले धूळ चार," ती म्हणाली. विक्कीनं तिच्या गळ्यात हात टाकला.

आणि हा गडी तिथून उठला, विठ्ठलरावांकडं गेला आणि नाव दिलं स्टॉकमध्ये! ओपनमध्ये नागपूरच्या गाड्या, तिथं आपला काही निभाव लागत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. स्टॉकमध्ये ही अशी ताकदीची गाडी घुसवली की कप घरात. बहिणीला सांगायची गरजच काय?

रेसच्या दिवशी शेडमध्ये ऊन नुसतं पत्र्यातून गळत होतं. कोपऱ्यात दीपाचं टेबल, त्यावर ती पेटी, आणि टेबलापुढं पोट्ट्यांची रांग. कोणाची तार सुटलेली, कोणाचं चाक वळत नाही. "ताई, माही पहिले." "अबे, लाइनीत ये." दीपा रंगात आली होती. विठ्ठलराव लांबून पाहून मान डोलवत होते. टेबल तिचंच झालं होतं म्हणा ना.

मग स्टॉकच्या गाड्यांची तपासणी सुरू झाली. विठ्ठलराव एकेक गाडी उचलत, वरचं टोपण काढत, भिंगातून बघत आणि परत देत. विक्कीची गाडी आली. टोपण काढलं. विठ्ठलराव थांबले. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.

"हे काय हाये?" ते म्हणाले. "याच्यात एफईटीवर एफईटी चढवले हायेत. आन् काम..." त्यांनी बोर्ड उजेडाकडं धरला. "असं काम वनीत एकच हात करते."

 सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडं वळल्या.

दीपाला एका क्षणात सगळं कळलं. स्टॉक! कानात जाळ झाला तिच्या. पण त्या जाळातही पहिलं काय दिसलं असेल तर विक्कीचा पांढराफटक पडलेला चेहरा. पोरगं आता सगळ्यांसमोर चोर ठरणार. तिनं हातातलं आयर्न स्टँडवर ठेवलं आणि उठली. वाक्य तोंडात तयार होतं. काका, चूक माही हाये, म्याच परस्पर बसवले, पोराले काही म्हनू नोका. हे ती म्हणणारच होती. टेबलाला वळसा घालून ती पुढं आली, तोंड उघडलं.

तेवढ्यात विक्की बोलला.

"मले काय मालूम काका! मोटरची तार सुटली म्हनून देल्ली होती म्या ताईजवळ. ताईनंच केलं आसन. तिले सवय हाये, कोनाची बी गाडी हाती आली की काही ना काही करून ठेवते."

बोलला तो बोलला, वर बोट दाखवलं. सख्ख्या बहिणीकडं!

दीपा जागच्या जागी उभी राहिली. उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, "कोनाची बी? मंग आमच्याईत काय काय केलं आसन हिनं?" आणि झालं. एकानं स्क्रू ड्रायव्हर काढला, दुसऱ्यानं काढला, आणि बघता बघता सगळे पोट्टे जमिनीवर बसून आपापल्या गाड्या उघडून पाहायला लागले. आत्ताच ज्यांची कामं तिनं हसत करून दिली होती, तेसुद्धा.

विठ्ठलरावांनी हळू आवाजात विचारलं, "दीपा, खरं हाये का हे?"

तिनं विक्कीकडं पाहिलं. तो गाडीचं चाक बोटानं फिरवत होता. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण नाही म्हटलं की तो बाद, आणि वणीत त्याला तोंड दाखवायला जागा नाही. 

"हो," ती म्हणाली.

"मंग ते काढून दे, म्हंजे पोरगं धावू शकते. त्याचा काय दोष," विठ्ठलराव म्हणाले. मग मिशीवरून हात फिरवत, तिच्याकडं न बघता म्हणाले, "टेबलाचं मंग पाहू पुढं. नागपूरचा एक मानूस हाये."

आपलं काम तिनं आपल्याच हातानं काढलं, आणि तेही सगळ्यांच्या देखत. विक्की मोबाइलचा उजेड धरून शेजारी उभा होता. त्याचा हात जरासुद्धा हलत नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं. उलट कानाशी लागून म्हणाला, "ताई, जपून, खालचा जळला नाही पायजे." एफईटी निघाले, बोर्ड होता तसा झाला, गाडी धावली आणि विक्की दुसरा आला. टेबलापुढं त्यानंतर कोणी आलं नाही. तिनं पेटी आवरली आणि एकटी चालत घरी गेली.

घरी दुसऱ्या नंबरचा कप टीव्हीशेजारी लागला. आईला विक्कीनंच सगळं सांगितलं होतं, अगदी खरं खरं. प्रभावतीबाई पोरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "लहान हाये व तो. भेला. तू मोठी हायेस. घेतलं अंगावर त काय झालं?"

दीपा जेवली नाही. आईनंही दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी विक्की काउंटरवर आला. खिशातून कागदाची पुडी काढली आणि काचेवर ठेवली. आत कालचे काढलेले एफईटी.

"ताई, परत बसवून दे न. चंद्रपुरात रेस हाये. आता खरंच ओपनमधे टाकतो. मायची आन."

दीपानं भिंग काढून ठेवलं. "विक्की, काल काकानं इचारलं तवा मी उठली होती. पाह्यलं होतं का तुवा?"

"हो."

"कायले उठली होती, मालूम हाये?"

तो काचेवरच्या पुडीची घडी बोटानं दाबत राहिला.

"चूक माही हाये असं सांगाले उठली होती. सारं माह्याच अंगावर घेनार होती. तुह्यं नाव बी निघू देनार नोती."

विक्कीचा चेहरा एकदम खुलला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा हसला तो. "मंग तेच त झालं न ताई! तू म्हननारच होती, म्या म्हटलं. फरक काय पडला?"

दीपा त्याच्याकडं बघत राहिली. याला आपण बोट धरून शाळेत नेलं, याचं दप्तर भरलं, आणि याला हे समजत नाही. राग नव्हता आला तिला. रागापेक्षा वाईट काहीतरी झालं होतं, छातीत सगळं रिकामं रिकामं वाटत होतं.

"मी देनार होती," ती म्हणाली. "तुवा माह्या हातातून हिसकून घेतलं. आन् माह्यावर बोट दाखवलं."

"जाऊ दे न आता. किती तानतं?" त्यानं पुडी पुढं सरकवली. "बसवून देतं का नाही?"

"नाही."

"अव पन वनीत दुसरं कोन करून देते हे?"

"कोनीच नाही," दीपा म्हणाली, आणि त्याच्या मागं उभ्या असलेल्या बाईच्या हातातला मोबाइल घेतला.