दिवेलागणीआधी

आनंदाबाईंनी निरांजन राखेनं घासून लख्ख केलं, तुपात भिजवलेली फुलवात त्यात बसवली आणि काड्यापेटी शेजारी ठेवली. पेटवायचं संध्याकाळी. तोवर ओठ उघडायचे नाहीत.

दर गुरुवारचं हे असंच. धनंजय अमेरिकेला निघाला त्या साली सासूबाईंनी व्रत सांगितलं होतं. लेकरू सातासमुद्रापार चाललं, त्याच्या वाटेला आपल्या तोंडचा वेडावाकडा शब्द लागायला नको. सकाळच्या अंघोळीपासून देवाजवळचा सांजदिवा लागेस्तोवर मौन. खुणा करायच्या नाहीत, लिहूनही दाखवायचं नाही. दिवा लागला की मौन सुटलं. पुढे सासूबाई गेल्या, मग आनंदाबाईंचे यजमान, शाळेतले गुरुजी, तेही गेले. सिंदी मेघेच्या त्या लहानशा घरात आनंदाबाई राहिल्या आणि त्यांचा गुरुवार राहिला.

फाटकाशी मोटारसायकल थांबली. तिच्यामागे मेघाची स्कूटी. पवनारहून अण्णाजी आले होते, गुरुजींचे धाकटे भाऊ. सोबत त्यांची बायको छाया आणि लेक मेघा.

"वहिनी, आज तुमचं मौन हाय, मालूम हाय मले," पायरीवर चपला काढत अण्णाजी म्हणाले. "बोलू नका. नुसत्या बसा. भाऊ असता तं त्याच्यासमोर बसून ठरवलं असतं. आता तुमीच."

"एखादा वार तुमी बी धरा ना मौनाचा," छाया मागून म्हणाली.

"मी मौन धरलं तं तू भांडशील कोनाशी?"

आनंदाबाईंनी हसून सतरंजी अंथरली आणि चहाचं आधण ठेवलं. दार उघडंच होतं. पोळा होऊन गेला होता, पावसानं उघडीप दिली होती आणि ऊन असं काही पडलं होतं की अंगणातली तुळस मान टाकून उभी होती. मेघा सतरंजीच्या कडेला बसली. कोणाकडे पाहत नव्हती. फोन दोन्ही हातांत धरून होती, पाखरू धरावं तसा.

कशासाठी आले ते सांगायची गरज नव्हती. मेघाला अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, आणि तोही धनंजयच्याच गावात. त्यासाठी अण्णाजी धाम नदीच्या काठचं वावर विकायला निघाले होते. विहीर असलेलं ते एकच वावर. बाकीची जमीन मुरमाची, पावसाच्या भरवशावरची. गिऱ्हाईक भैयाजी दलालानं आणलं होतं.

"भैयाजी आजचा दिवस थांबतो म्हनते. हो म्हना नाईतर नाई म्हना," अण्णाजी म्हणाले. "मी हो म्हननारच हाय. पन एक गोष्ट डोक्यात बसली, वहिनी. मोबाइलवर बातमी पाह्यली. अमेरिकेतला मध्यमवर्ग कमी होऊन राह्यला म्हनते. नोकरीवाले, घर-गाडीवाले लोक. आपल्या धनंजयसारखे. तेच जर कमी होऊन राह्यले, तं मी पोरीले कुठं पाठवून राह्यलो?"

"बाबा, कमी होऊन राह्यले म्हणजे वर जाऊन राह्यले," मेघा म्हणाली. "तुम्ही खालपर्यंत वाचतच नाही."

"वर गेले का खाली गेले, हे तुले इथं स्कूटीवर बसून दिसते?"

"म्हणून तर दादाला विचारू म्हणते."

चहा उतू जायला आला होता. आनंदाबाईंनी भांडं उतरवलं, ते पदर न घेताच. बोटं पोळली. त्यांनी ती तशीच पातळाला पुसली.

*

धनंजय रविवारी व्हिडिओवर यायचा. त्याच्यामागे नेहमी एक पांढरी भिंत असायची. बायको रुचिका मजेत, लेक पौर्णिमा शाळेत हुशार, थंडी फार, तू गोळ्या घेतेस ना? सगळं नीट, पुस्तकातल्यासारखं बोलायचा.

आणि गुरुवारी नुसता फोन करायचा. तिकडे तेव्हा पहाट असायची, तो गाडीत बसलेला असायचा. आई बोलणार नाही हे त्याला ठाऊक होतं. आनंदाबाई फोन कानाशी धरायच्या, दुसऱ्या हातानं माळ चालू ठेवायच्या. आधी तो इकडचं तिकडचं बोलायचा. मग एका गुरुवारी म्हणाला, नोकरी गेली. मग कधीतरी म्हणाला, घर गेलं, आता दोन खोल्यांत आहोत. मग पार्सलं वाटायची गाडी चालवतो म्हणाला. रविवारी तोंडात न येणारी वऱ्हाडी गुरुवारी आपसूक यायची.

"आई, इथं टीव्हीवर रोज भांडतेत," एकदा म्हणाला होता. "मध्यमवर्ग कमी झाला म्हनते. एक म्हनते वर गेला, दुसरा म्हनते खाली गेला. दोघंबी खरं बोलून राह्यले, आई. आमच्या गल्लीतला एक जन टेकडीवर मोठ्या घरात गेला. आमी इकडं आलो. मोजनाऱ्याले काय, त्याच्यासाठी मधले दोन घरं कमी झाले."

आणि मागच्याच गुरुवारी:

"आज आपल्याच जुन्या घरी पार्सल टाकलं. वरच्या खोलीत पौर्णिमा निजत होती ना, तिथं आता दुसऱ्या लेकराचे पडदे हायेत. हत्तीवाले. मी जराक पाह्यत उभा राह्यलो, तं आतून बाई आली विचारायले, काही हरवलं का म्हनून."

आनंदाबाईंनी एका रविवारी धीर करून विचारलं होतं, "धनू, ते घराचं..." त्यावर तो म्हणाला होता, "आई, आवाज तुटतोय." आवाज कुठंच तुटत नव्हता. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. गुरुवारचं गुरुवारातच राहू दिलं. माणूस देवापुढे येऊन बोलतो ते देव का गावभर सांगत फिरतो?

*

मेघानं फोन सतरंजीच्या मधोमध ठेवला. स्पीकर लावला. वाजला, वाजला, मग उचलला.

"बोल मेघा. एवढ्या सकाळी?"

"तुमची सकाळ, बाप्पा. आमची दुपार कलली."

"दादा, मोठ्या आईच्याच घरून बोलतोय आम्ही," मेघा म्हणाली. "ती इथंच आहे. गुरुवार आहे ना, म्हणून गप्प."

पलीकडे गाडीचं दार लागलं.

"हो," धनंजय म्हणाला. "गुरुवार आहे."

अण्णाजींनी आपला प्रश्न पुन्हा मांडला, फोनकडे वाकून, जरा मोठ्यानं. आनंदाबाई देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माळ पदराखाली होती.

"काका, बातमी खरी आहे," धनंजय म्हणाला. आवाज रविवारचा होता. "मध्यमवर्ग कमी होतोय. पण का, ते बघा ना. चौथीचा वर्ग रिकामा झाला तर पोरं बिघडली असं म्हणतो का आपण? पाचवीत गेली म्हणतो. इथलंही तसंच आहे. लोक वर चाललेत."

"मी काय म्हणत होते," मेघा हळूच म्हणाली.

अण्णाजींच्या चेहऱ्यावरची सुरकुती सैल झाली. "मास्तराचा पोरगा हाय," ते छायाला म्हणाले. "कसं समजावून सांगतलं पाह्य."

आनंदाबाईंना गुरुजींचा चौथीचा वर्ग आठवला. कापूस वेचायला निघाला की बाकं रिकामी व्हायची. गुरुजी संध्याकाळी त्या पोरांच्या घरी जायचे. काही यायची परत. काही तिकडचीच होऊन जायची. वर्ग तेव्हाही रिकामाच दिसायचा.

"आन राह्यची सोय, धनंजय?" छायानं विचारलं. इतका वेळ ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती. "एकटी पोर हाय. तुमच्याजवळ राह्यली तं माह्या जिवाले घोर नाई. नाईतर मी नाईच म्हनते, मंग तिचा बाप काई म्हनो."



"वरची खोली आहे ना, काकू," धनंजय म्हणाला. "पौर्णिमाची. ती खाली आमच्यापाशी झोपेल. मेघाला खोली पूर्ण. रुचिकालाही सोबत होईल."

माळ मेरुमण्यापाशी आली होती. तो ओलांडायचा नसतो. तिथून माळ उलटी फिरवायची. आनंदाबाईंचं बोट त्या मण्यावर तसंच राहिलं.

छायानं डोळे पुसले. मेघानं मान वर करून छताकडे पाहिलं, ती खोली तिथंच कुठं असावी तसं. तिच्या चेहऱ्यावर असं हसू आनंदाबाईंनी ती पहिलीत पाटी घेऊन आली होती तेव्हा पाहिलं होतं.

"झालं तं मंग," अण्णाजींनी खिशातून आपला फोन काढला. "धनंजय, ठेवू नको. तुह्यासमोरच भैयाजीले हो म्हनतो. साक्षीले वहिनी हाय, तू हाय. एकदा माही जबान गेली का गेली. मंग मी मांगं पाह्यत नाई." ते डोळे बारीक करून नंबर शोधू लागले. त्यांच्या नखांत नदीकाठची काळी माती होती. सकाळी तिथूनच आले असणार. विकायच्या दिवशीही भेंडीला पाणी देऊन.

आनंदाबाई उठल्या.

संध्याकाळ व्हायला वेळ होता. बोलायचं तर व्रत मोडायचं, आणि व्रत होतं धनूसाठी. त्याच्या सुखासाठी. गप्प राहिलं तर व्रतही राहतं आणि लेकाची लाजही. मेघा जाईल, विमानतळावर उतरेल, दादा घ्यायला येईल. आणि मग त्या दोन खोल्यांच्या दाराशी... त्यांनी देव्हाऱ्यातल्या गोपाळकृष्णाकडे पाहिलं. सकाळी वाहिलेलं जास्वंद त्याच्या अंगावर मिटत आलं होतं. 'तुझा दिवा,' त्यांनी मनात म्हटलं, 'आज लवकर लावते. पुढचं तू पाहा.'

पहिली काडी मोडली. दुसरी पेटली.

"अवो बाई," छाया म्हणाली, "अजून ऊन हाय ना. दिवा काऊन लावून राह्यल्या?"

फुलवातीनं ज्योत धरली. भर उन्हात ती दिसत नव्हती, नुसती वरची हवा हलत होती. आनंदाबाईंनी हात जोडले, डोळे मिटले, नेहमीची सांजेची प्रार्थना ओठांतल्या ओठांत पुटपुटली. गडबड केली नाही. शेवटचं अक्षरही गाळलं नाही. अण्णाजींच्या कानाशी धरलेल्या फोनमध्ये रिंग जात होती.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. दिवसभर न वापरलेला आवाज जड निघाला. "जराक थांबा."

अण्णाजींनी कानावरचा फोन तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे, मग दाराबाहेरच्या उन्हाकडे.

आनंदाबाई सतरंजीवर येऊन बसल्या. मेघाच्या फोनपुढे. त्या फोनला तोंड नव्हतं, डोळे नव्हते, तरी त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"धनू."



"धनू, त्या वरच्या खोलीत आता कोनाचं लेकरू निजते रे?"

फोनमधून लांबवर एखादा ट्रक गेल्यासारखं ऐकू आलं. गाडीची काच वर सरकली, आणि तोही आवाज बंद झाला. मेघा आधी फोनकडे पाहत होती. हळूहळू तिनं मान वळवली आणि ती मोठ्या आईच्या चेहऱ्याकडे पाहू लागली. बराच वेळ पाहत राहिली.

"हॅलो, अण्णाजी? बोला ना अण्णाजी, काय ठरलं?" दुसऱ्या फोनमध्ये भैयाजी बोलत होता. अण्णाजींनी तो फोन सावकाश खाली घेतला आणि मांडीवर उपडा ठेवला.

"आई," धनंजय म्हणाला. फार हळू, आणि गुरुवारच्या आवाजात. "आज तं तुयं मौन हाय ना."

छायानं तोंडाशी पदर नेला. मेघानं हात पुढे केला, फोनचा स्पीकर बंद केला आणि फोन उचलून मोठ्या आईच्या कानाशी धरला. आनंदाबाईंचे हात मांडीवर होते. मेघा फोन धरूनच बसली.