केसभर खाली

मित्रांनो, तीन पाय असूनही ज्याला स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही, असा मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा डोक्यावर घेऊन उभं राहायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? एकदा नऊ दिवस उभे राहून बघा, नाक खाजलं तरी हलायचं नाही. मग बोलू.

मी कारखान्यात जन्मलो. तिथलं फारसं आठवत नाही. कुणीतरी माझे पाय एकात एक सरकवले, प्रत्येक पायाला खटके बसवले आणि मला खोक्यात कोंबलं. खटका म्हणजे पाय हव्या त्या उंचीवर घट्ट धरून ठेवणारी क्लिप. माझा सगळा मान त्या खटक्यांवर. ते ढिले झाले की मी संपलो.

माझे पहिले मालक शाळांचे ग्रुप फोटो काढायचे. साठ पोरं तीन ओळींत उभी करायची, पुढच्या ओळीतला एक हमखास डोळे मिटणार, मागचा कुणाच्या तरी डोक्यावर शिंगं धरणार. फोटोवाले घसा फुटेस्तोवर ओरडायचे, पण मला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. काम झालं की माझे पाय पुसायचे, एकेका खटक्यावर तळहाताचा भार देऊन बघायचे आणि म्हणायचे, "हा बघा, खांब आहे खांब!" तेव्हा मला फार भारी वाटायचं. आता आठवलं की कसंतरीच होतं.

त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी मला भाचीला देऊन टाकलं. भाची एका जाहिरातीच्या स्टुडिओत कामाला होती. तिथे तिला सगळे चिमटी म्हणायचे, कारण हातात कायम बारीक चिमटा. शाम्पूच्या बाटलीवरचा धुळीचा कण उचल, बुटाची नाडी अर्धा मिलिमीटर सरकव, दिवसभर हेच.

"महिन्यातून एकदा खटके आवळत जा गं," मामा म्हणाले.

"हो मामा, हो."

मित्रांनो, ज्या 'हो'ला दोन टोकं असतात ना, त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका.

चिमटी वाईट नव्हती. तिच्याबरोबर मी खूप फिरलो. चादरीत गुंडाळून मला बसमध्ये न्यायची, तर लोक जागा द्यायचे, त्यांना वाटायचं काहीतरी गंभीर आहे. एकदा गच्चीवर बुटांचे फोटो काढताना एका मांजरीने डावा बूट पळवला आणि आम्ही तीन गच्च्या तिच्यामागे धावलो. म्हणजे चिमटी धावली, मी तिच्या खांद्यावर होतो. मजा यायची.

पण एके दिवशी तिचा टॉवेल उडून शेजारच्या बाल्कनीत पडला. तिने काय करावं? मला पूर्ण लांब केलं, कठड्यावरून बाहेर काढलं आणि टॉवेल ओढायला लागली. मी काय काठी आहे? टॉवेल आला, पण माझा पुढचा पाय कठड्यावर आपटला आणि खटक्याला चीर गेली.

"सॉरी सॉरी सॉरी," ती म्हणाली आणि चीर गेली तिथे चिकटपट्टीचे चार वेढे मारले. "बदलते हं नवीन."

नाही बदलला. मी वाट बघत राहिलो.

मग तिने ते काम काढलं. मुलांसाठी फिल्म दाखवणाऱ्या एका चॅनेलला एक मिनिटाची फिल्म पाठवायची होती. आवडली तर बारा भाग करायला मिळणार होते, आणि बाटल्यांवरची धूळ वेचणं कायमचं सुटणार होतं. स्टुडिओतून तिने मोजून नऊ दिवसांची सुट्टी काढली. साहेब म्हणाले, "नऊ म्हणजे नऊ. दहाव्याला दिसली नाहीस तर येऊच नकोस."

फिल्ममध्ये एकच पात्र होतं, मातीची गोगलगाय. ती निळ्या कपावर चढते आणि वर पोचून दोन्ही शिंगं ताणून जग बघते. बस्स. पण एका सेकंदाला बारा फोटो. गोगलगाय चिमट्याने इवलीशी सरकवायची, हात मागे घ्यायचा, फोटो. पुन्हा सरकवायची, फोटो. असे सातशे वीस. आणि त्या सगळ्या वेळात कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. म्हणजे मी.

तिने खिडकीला काळा कागद लावला, माझ्या पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा केल्या आणि दारावर चिठ्ठी डकवली: 'कशालाही हात लावू नये. श्वाससुद्धा हळू घ्यावा.'

तिची खोलीतली मैत्रीण नर्स होती. ती चिठ्ठी वाचून म्हणाली, "चिमटे, आमच्या आयसीयूत पण एवढं कडक नसतं गं."

"तुझा पेशंट हलला तर तू खूश होतेस. माझा हलला तर मी मेले."

दुसऱ्या दिवशी मला ते जाणवलं. चिकटपट्टी उबेने सैल होत होती. दोन दिवे डोळ्यांवर आणि डोक्यावर जड कॅमेरा. पुढचा पाय खाली सरकत होता. किती? केसभर. केसाचाही अर्धा. पण सरकत होता हे नक्की, मला माझाच पाय कळणार नाही का?

ती रोज तपासायची, खोटं कशाला बोलू. कॉम्प्युटरवर आधीचा फोटो पुसटसा दिसायचा, त्यावर नवा जुळवून बघायची. जुळायचा. अर्धा केस कुणाला दिसतो? पहिल्या दिवसाच्या फोटोशी तिने कधी ताडून बघितलंच नाही. संध्याकाळी फक्त त्या दिवसाचा तुकडा चालवून बघायची. नर्स म्हणायची, "पूर्ण लाव ना." तर ही म्हणायची, "नाही, सगळी एकदम शेवटीच. मजा जाते." आणि खुणा कुठे होत्या? फरशीवर. पाय फरशीवरून हललाच नव्हता. तो स्वतःच्या आत बुडत होता.

मी कुणाला सांगणार होतो?

पाचव्या दिवशी तिचे बाबा आले, डबा घेऊन. ते सुतार. आयुष्यभर लोकांची दारं बसवली. फळी सरळ आहे का बघायला ते एक डोळा मिटतात. तसाच त्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा मिटला. मग उकिडवे बसले आणि पुन्हा बघितलं. त्यांचा हात चिकटपट्टीकडे आला. जाड बोटं, एक नख काळं पडलेलं. मित्रांनो, त्या बोटांना सगळं कळलं होतं. अजून चार अंगुळं, की ती मला धरणार होती.

"बाबा! हात नका लावू!"

"नाही गं, बघत होतो नुसता."

"बघू पण नका! हा एवढासा जरी हलला ना, तर माझे पाच दिवस गेले. कळतंय का तुम्हाला?"

बाबा उठले. दोन्ही हात मागे बांधले, शाळेत मुख्याध्यापकांसमोर उभं राहतात तसे. दारापाशी जाऊन थांबले. "तो पुढचा जो पाय..."

"बाबा, मी मोजतेय! एकतीस, बत्तीस... गेलं. विसरले."

"बरं बरं. जेवून घे."

बसवलेलं दार आपटून बघितल्याशिवाय पुढे न जाणारा माणूस. त्या दिवशी त्याने दार कापसासारखं लावलं.

मला असा संताप आला! वाटलं, धाडकन पडावं. कॅमेऱ्यासकट आडवं व्हावं, म्हणजे तरी कळेल हिला. पण पडायलाही कुणाचा तरी धक्का लागतो. मला धड उभं राहता येईना आणि धड पडताही येईना. नुसता बुडत राहिलो.

आठव्या दिवशी गोगलगाय कपाच्या काठापाशी पोचली. चिमटी स्क्रीनकडे बघून पुटपुटली, "शिंगं बाहेर का जातायत? ही मोठी झाली की काय?" कॅमेऱ्याची मान खाली गेली होती, म्हणून वरची जागा संपली होती. तिने काय केलं, गोगलगायीची शिंगं बोटाने दाबून अर्धी केली. ज्यासाठी बिचारी आठ दिवस चढली, तीच शिंगं.

नवव्या दिवशी दुपारी शेवटचा फोटो झाला. फिल्म संध्याकाळी सहापर्यंत पाठवायची होती. नर्सला शेजारी बसवून तिने सगळी फिल्म लावली. एक मिनिट.

नर्स हसली. "गंमत आहे गं! कप लिफ्टसारखा वर चाललाय."

चिमटीने पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावताना टेबलाची कड जिथे होती तिथे स्क्रीनवर बोट ठेवलं. शेवटी ती कड बोटाच्या दोन पेरं वर होती.

"वरचा भाग खाली ओढ ना कॉम्प्युटरवर," नर्स म्हणाली. आता ती हसत नव्हती.

"जे फोटोत आलंच नाही, ते कुठून ओढू?"

मग तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच. चिकटपट्टीला सुरकुत्या पडल्या होत्या. मला वाटलं आता लाथ बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. तिने फोन लावला.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही काय बघत होतात?"

"कधी? काही नाही गं."

"सांगा ना."

"पाय खाली बसत होता पुढचा. मला वाटलं तुला माहीत असेल. तुझं काम, तुलाच जास्त कळणार."

"मग बोलायचं ना, बाबा!"

बाबा म्हणाले, "तू मोजत होतीस."

सहाला पाच कमी असताना तिने फिल्म होती तशी पाठवली. दहाव्या दिवशी स्टुडिओत गेली. महिन्याभराने उत्तर आलं, दोनच वाक्यं: गोगलगाय छान आहे. कॅमेरा स्थिर हवा होता.

माझी रवानगी दारामागे झाली. माझ्या डोक्यावर आता छत्री लटकते.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल, रोज अर्धा केस खाली जाणारं. खुर्ची असेल, पंखा असेल, माणूसही असेल. कालच्याशी ताडून बघाल तर सगळं ठीकच दिसेल. कधीतरी पहिल्या दिवसाशी ताडून बघा. आम्हाला तोंड नाही. आणि ज्यांना आहे, ते बोलायला लागले की मोजणं जरा थांबवा. आकडे पुन्हा मोजता येतात.

गेल्या रविवारी बाबा आले होते. चिमटीने मला दारामागून काढलं, नवा खटका आणि पेचकस त्यांच्यापुढे ठेवला. म्हणाली, "बाबा, तुम्हीच बसवा."

"नको गं, तूच बसव. मी सांगतो."

"हात लावा ना, बाबा."

"सांगतो ना," ते म्हणाले आणि एक डोळा मिटला. हात मात्र अजून मागेच बांधलेले होते.