ओलेत्या भक्तांचा त्रिशूळ

जाफराबाद रोडवरच्या पत्र्याच्या शेडसमोर ओलेत्या माणसांची रांग लागली होती. हौदावर अंघोळ करायची, अंग न पुसता अनवाणी आत जायचं आणि लोखंडी त्रिशूळाला हात लावायचा. हात लागला की माणूस थरथरत मागे कोसळायचा, अन् जमाव जयजयकार करायचा. चपला घालून आलेल्याला काहीच व्हायचं नाही, तो पापी. कोरडा आलेला जरासाच थरथरायचा. तो अर्धा पापी. पाप मोजायची इतकी झकास सोय आजवर कुणी केली नव्हती.

शक्तिनाथ महाराज स्वतः मात्र लाकडी पाटावर, पायात खडावा घालून उभे. "देवी अंगात शिरून राह्यली, बाबांनो! रोग जल्दी बाहेर! डाक्टर बिलकुल नको!"

तृप्ती जालन्याला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. सरांनी संशोधनासाठी एक समस्या निवडायला सांगितली होती. तिनं इंटरनेटवरून एक भारदस्त विषय उचलला, तेव्हा सर म्हणाले, "डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी आणा." त्याच काळजीत ती सुट्टीला घरी आली, तर आई दुर्गाबाई या महाराजांकडे निघालेली. दुर्गाबाईंच्या छातीत पेसमेकर होता. तृप्ती सोबत आली आणि रांगेतूनच बघत राहिली. ओलं अंग, अनवाणी पाय, लोखंडी त्रिशूळ, महाराजांखाली लाकूड. तिला समस्या सापडली, आणि तिनं आईचा हात घट्ट धरला.

"आई, हात लावू नको. त्यात करंट हाय."

"गप! देवीला करंट म्हणती का? समदे बरे होऊन राह्यले."

"तुझी मशीन बंद पडली तर जीव जाईल, आई!"

आई ऐकेना. तृप्तीनं बॅगेतून टेस्टर काढला आणि पुढे होऊन त्रिशूळाला टेकवला. आतला दिवा लाल पेटला.

महाराजांनी लगेच हात उंचावले. "बघा! नास्तिक पोरीच्या हातातबी देवीनं ज्योत लावली!"

दोघंतिघं तृप्तीच्याच पाया पडले. तिला त्या लोकांची कीव आली आणि महाराजाची चीड.

"मंग महाराज, खडावा काढा, खाली उतरा अन् धरा त्रिशूळ."

"आमचं व्रत हाय."

"कोरडं राह्यचं व्रत?"

मागून कुणीतरी हसलं. तृप्तीनं भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, त्रिशूळाला पुन्हा टेकवलेला टेस्टरही पेटला नाही. रांगेतल्या ओल्याचिंब तातेरावांनी भीत भीत त्रिशूळ धरला. काहीच झालं नाही. मग त्यांनी खालची सतरंजी उचलली. त्रिशूळाच्या बुडाला बोर्डातून आलेली तार गुंडाळलेली होती.

"मधी हा रेझिस्टर हाय," तृप्ती म्हणाली. "त्याच्यानं करंट कमी होतो. माणूस मरत न्हाई, नुसता थरथरतो. पण त्याच्यावरची ही चिकटपट्टी बघा, पाण्यानं सुटत आली. ह्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना चिकटल्या की सगळा करंट सरळ माणसात."

दुर्गाबाई ओल्या पदरानिशी महाराजांसमोर गेल्या.

"छातीत मशीन हाय, हे सकाळीच तुला फोनवर सांगितलं होतं. तरी म्हणलास, दोन्ही हातांनी धर."

महाराज पाटावरून उतरून दाराकडे सरकले. देवीनं त्यांना अडवलं नाही.

लोकहो, हात जोडायचे तर खुशाल जोडा. पण कुणी डॉक्टर सोडायला सांगितलं, तर आधी का ते विचारा. विचारल्यानं कुणाचा जीव जात नाही. न विचारल्यानं दुर्गाबाईंचा गेला असता.